कॅफेचा कॅफा

सकाळी पान उघडलं, तर कॅफेचा कॅफा झाला होता.

मराठीत लिहिलं की हे नुसतं गमतीचं वाटतं. पानावरचा मूळ शब्द फ्रेंच होता, रोमन लिपीतला. त्यातल्या शेवटच्या ‘ई’च्या डोक्यावर उजवीकडे चढत जाणारी एक बारीक रेघ असते. त्या ‘ई’च्या जागी आता ‘ए’ येऊन बसला होता, आणि त्याच्या डोक्यावरची रेघ उलट्या दिशेला कललेली. खाली सरकले. जर्मन शब्दांतला दोन टिंबांचा ‘यू’ गेला होता, तिथेही तोच ‘ए’. स्पॅनिश ‘एन’वरची लाट गेली होती, तिथेही तोच. तीनशेहून जास्त पानं, पाच-सहा युरोपीय भाषांतली माणसांची नावं, पुस्तकांची शीर्षकं, गावांची नावं; आणि जिथे जिथे म्हणून डोक्यावर काही मिरवणारं अक्षर होतं, तिथे तिथे हा एकच ‘ए’. पानांच्या तळाशी असलेलं कॉपीराइटचं चिन्हसुद्धा सगळीकडून गायब.

हे कुणी बाहेरून घुसून केलं नव्हतं. सर्व्हरनंही केलं नव्हतं. आदल्या रात्री मीच केलं होतं, आणि तेही दुरुस्ती म्हणून.

लेख तपासायचे, साच्यात बसवायचे आणि साइटवर चढवायचे, हे माझं रोजचं काम. त्या आठवड्यात सगळी साइट जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवली होती. हलवल्यावर इंग्रजी मजकूर ठणठणीत, बाकी भाषांतल्या नावांची मात्र दैना. एकेका चिन्हवाल्या अक्षराच्या जागी दोन-दोन अक्षरं उगवली होती. त्यातलं पहिलं ठरलेलं: डोक्यावर नागमोडी रेघ घेतलेला मोठा ‘ए’. त्याच्यामागे काहीतरी भलतंच. कुठे कॉपीराइटचं चिन्ह, कुठे पाव हा अपूर्णांक, कुठे अधिक-उणेची खूण. (ती अक्षरं इथे मुद्दाम छापत नाही. हा मजकूर वाटेत कुठकुठल्या यंत्रांतून जाईल सांगता येत नाही, आणि बिघडलेलं उदाहरण आणखी एकदा बिघडलं तर कधीकधी सुधारल्यासारखं दिसतं. तेही पाहून झालंय.)

एका फ्रेंच पानावर तो नागमोडीवाला ‘ए’ एकटाच दिसत होता, मागे नुसती मोकळी जागा. तिथे उतरत्या रेघेचा ‘ए’ हवा हे संदर्भावरून कळत होतं. मग काय, फाइंड अँड रिप्लेस. नागमोडी शोधा, उतरती ठेवा, सगळीकडे बदला. ते पान झकास दिसायला लागलं. उरली ती कॉपीराइट, पाव, अधिक-उणे वगैरे चिन्हं. माणसांच्या नावांत त्यांचं काय काम? तीही शोधून काढून टाकली. घड्याळात दोन वाजून गेले होते, समोरचं पान स्वच्छ होतं. झोपले.

नंतर कळलं ते असं की नागमोडी ‘ए’ सगळ्यांच्या पुढे सारखाच होता. कोणतं अक्षर मुळात कोण, हे फक्त त्याच्या मागच्या चिन्हावरून ओळखू येत होतं. मी कचरा म्हणून जे झाडून काढलं तोच तेवढा मजकूर होता.

आमच्याकडे तांत्रिक बाजू सांभाळणारे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांना सगळे सरच म्हणतात.

“सर, सगळ्या पानांचा फॉन्ट गेलाय,” मी म्हटलं.

“फॉन्ट कुठे जात नाही गं. फायलीत काय आहे ते बघितलंस?”

“बघितलं ना. सगळीकडे ए आहे.”

“तो तुला दिसतोय. फायलीत काय आहे?”

त्यांनी साइट हलवण्याआधीच्या बॅकअपमधलं एक पान काढलं आणि मजकूर अक्षरांऐवजी आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलं. त्या एका शब्दाच्या जागी पाच आकडे होते: ९९, ९७, १०२, १९५, १६९. पहिले तीन म्हणजे साधी सी, ए, एफ ही अक्षरं. पुढचे दोन मिळून एक अक्षर, चढत्या रेघेचं ‘ई’. “१९५ म्हणजे काय, ते कुणाला विचारशील त्यावर आहे,” सर म्हणाले, आणि दुसऱ्या कामाला लागले. त्यांची समजावून सांगण्याची पद्धत एवढीच असते. बाकीचं आपण आपलं शोधायचं.

शोधलं. आणि पहिल्यांदा हे लक्षात आलं की वर्षानुवर्षं आपण ‘फॉन्ट गंडला’, ‘फॉन्ट फुटला’ म्हणतो, त्यात फॉन्ट बहुतेक वेळा निर्दोष असतो. फॉन्टचा दोष असला तर रिकामे चौकोन दिसतात. आकडा बरोबर पोचलेला असतो, तो वाचलाही बरोबर जातो, फक्त त्या अक्षराचं चित्र फॉन्टकडे नसतं. त्या चौकोनांना इंग्रजीत गमतीनं टोफू म्हणतात, आणि गूगलच्या नोटो या फॉन्टचं नाव त्यावरूनच पडलं, टोफू नको म्हणून नोटो. पण भलतीच अक्षरं दिसली, तर मामला वेगळा. तिथे फॉन्ट इमानेइतबारे जे सांगितलं ते काढतोय. सांगणाराच चुकलाय.

संगणकाला अक्षर ठाऊकच नसतं, ठाऊक असतो आकडा. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं हा माणसांनी आपसात केलेला करार, आणि असे करार एक सोडून शेकड्यांनी झाले. १९६३मध्ये अमेरिकेत आस्की नावाचा तक्ता निघाला. त्यात जागा १२८, ० ते १२७. इंग्रजीची अक्षरं, आकडे, विरामचिन्हं त्यात बसली. एका बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एका खणात, मात्र २५६ जागा मावतात, म्हणजे वरच्या १२८ मोकळ्या. त्या मोकळ्या जागांवर ज्यानं त्यानं आपापली बिऱ्हाडं थाटली. पश्चिम युरोपच्या भाषांनी एका तक्त्यात, मध्य युरोपच्या भाषांनी दुसऱ्यात, रशियननं तिसऱ्यात, ग्रीकनं चौथ्यात. पश्चिम युरोपच्या तक्त्याला लॅटिन-वन म्हणतात. त्यात चढत्या रेघेचा ‘ई’ २३३ या जागेवर राहतो, एकाच बाइटमध्ये. मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठी त्याचीच थोडी वाढवलेली आवृत्ती केली, १२५२ क्रमांकाची. लॅटिन-वनमध्ये १२८ ते १५९ या ३२ जागा यंत्रांच्या सूचनांसाठी राखून ठेवल्या होत्या. विंडोजनं त्यांतल्या २७ जागांवर वळणदार अवतरणं, लांब रेघा, पुढे युरोचं चिन्ह असं बरंच काही बसवलं. पाच जागा रिकाम्या राहिल्या. त्या पाचांकडे मी परत येणार आहे, कारण आपलं मराठी तिथेच ठेचकाळतं.

मग युनिकोड आलं, १९९१मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक क्रमांक, कुणाची जागा कुणी घ्यायची नाही. पण क्रमांक दिला म्हणजे तो बाइटांमध्ये कसा लिहायचा हे ठरत नाही. ते १९९२च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ठरलं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ताटाखाली अंथरलेल्या कागदावर यूटीएफ-८ची आखणी केली. मला ही आखणी आजवर पाहिलेल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते. १२७पर्यंतचे आकडे जसेच्या तसे ठेवले, म्हणजे जुना इंग्रजी मजकूर न हलवता चालू राहिला. त्यापलीकडच्या अक्षरांना दोन, तीन किंवा चार बाइट. आणि पहिला बाइटच सांगतो की आपल्यामागे किती जण आहेत. १९५ आला की समजायचं, मागे एक. २२४ आला की मागे दोन. मागून येणारे नेहमी १२८ ते १९१ याच पट्ट्यातले, म्हणजे मजकुराच्या मधेच कुठेही उतरलात तरी अक्षराच्या सुरुवातीला आहात की पोटात, ते लगेच कळतं.

आता हेच १९५ आणि १६९ घेऊन जुन्या लॅटिन-वनवाल्याकडे जा. त्याला जोडीबिडी माहीत नाही. तो एकेक आकडा सुटा वाचतो. १९५? नागमोडी ‘ए’. १६९? कॉपीराइट. झालं. फायलीत कणाचाही फरक पडलेला नाही, फक्त वाचणाऱ्यानं चुकीचा तक्ता हातात धरलाय.

इंग्रजी मात्र यांतल्या कुठल्याही तक्त्यात धरा, तशीच वाचली जाते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो. तपासणारा इंग्रजीत दोन ओळी टाइप करून बघतो, ठीक दिसतं, पुढे जातो. इंग्रजीवाल्यांना याची झळ लागते ती फक्त वळणदार अवतरणांमुळे. वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की त्यातलं वळणदार ॲपॉस्ट्रॉफी हे २२६, १२८, १५३ असं तीन बाइटांचं असतं, आणि चुकीच्या तक्त्यात त्याचं होतं टोपीवाला ‘ए’, युरो आणि ट्रेडमार्क. हे त्रिकूट मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता दुरूनच नमस्कार करते.

या प्रकाराला जपानीत मोजिबाके म्हणतात. मोजि म्हणजे अक्षर, बाके म्हणजे रूप पालटणं, त्यात भुताटकीची छटा आहे. जर्मन लोक त्याला अक्षरांची कोशिंबीर म्हणतात, हंगेरियन लोक अक्षरांचा कचरा. आपल्याकडे नाव नाही. ‘जंक आलंय’ म्हणतो. मला जपानी शब्द सगळ्यांत बरोबर वाटतो. त्यात अक्षर मेलेलं नाही, त्यानं सोंग घेतलंय.

पण हे सगळं साइट हलवल्यावरच का झालं? जुन्या सर्व्हरवर तर वर्षानुवर्षं सगळं नीट दिसत होतं. उत्तर डेटाबेसमध्ये सापडलं. जुन्या डेटाबेसला सांगितलेलं होतं की तुझ्याकडे लॅटिन-वन मजकूर आहे. (मायएसक्यूएल हा डेटाबेसचा प्रोग्रॅम २०१८मध्ये आठव्या आवृत्तीवर येईपर्यंत मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर हेच धरून चालायचं.) साइट मात्र त्याच्या हाती यूटीएफ-८चे बाइट ठेवायची आणि तेच परत घ्यायची. डेटाबेस समजायचा आपण लॅटिन-वन सांभाळतोय, साइट समजायची आपण यूटीएफ-८ ठेवलंय, आणि दोघांचे गैरसमज एकमेकांना बरोब्बर पुरून उरायचे. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असावं आणि माणसाला दहा मिनिटं उशिरा निघायची सवय असावी, तसं. गाडी रोज मिळते. एक दिवस कुणीतरी शहाणा घड्याळ नीट लावतो आणि गाडी चुकते. आमचा नवा सर्व्हर असा शहाणा होता. त्यानं डेटाबेसचं म्हणणं खरं मानलं आणि ‘लॅटिन-वन’ मजकुराचं प्रामाणिकपणे यूटीएफ-८मध्ये रूपांतर केलं. आधीच यूटीएफ-८ असलेल्याचं पुन्हा एकदा.

हे दुहेरी रूपांतर वाढत्या व्याजासारखं असतं. चढत्या रेघेच्या एका ‘ई’ची दोन अक्षरं होतात. त्याच चुकीतून आणखी एकदा गेलं की चार. पुन्हा गेलं की आठ. मी एका पानावर एका स्पॅनिश आडनावाची शेपटी अर्ध्या ओळीपर्यंत लांबलेली पाहिलीय. ते पान बिचारं दर वेळी कुणीतरी उघडून फक्त ‘सेव्ह’ करत होतं.

आणि तरी, हा मुद्दा मला त्या रात्री कुणी सांगायला हवा होता: हे सगळं उलटं फिरवता येतं. जी भलती अक्षरं दिसतायत ती त्या चुकीच्या तक्त्यातून परत आकड्यांत न्यायची, आणि ते आकडे बरोबर तक्त्यानं वाचायचे. डेटाबेसच्या रकान्याला आधी सांगायचं, तुझ्यात मजकूरच नाही, नुसते बाइट आहेत; मग सांगायचं, ते बाइट यूटीएफ-८ आहेत. सरांनी बॅकअपवर ते तीन-चार ओळींत केलं. एकही अक्षर शोधलं नाही, एकही बदललं नाही. बिघडलेल्या मजकुराचा अवतार जितका भयंकर, तितका तो सुरक्षित, कारण प्रत्येक बाइटचा कुठला ना कुठला वेष अजून पडद्यावर आहे.

भीती वाटायला हवी ती प्रश्नचिन्हांची. काळ्या हिऱ्यात पांढरं प्रश्नचिन्ह दिसलं, तर निदान एवढी आशा असते की ब्राउझरला न समजलेला बाइट फायलीत अजून शाबूत असेल. पण तोच हिरा कुणी कॉपी करून परत सेव्ह केला, किंवा एखाद्या प्रोग्रॅमनं ‘हे अक्षर माझ्या तक्त्यात नाही’ म्हणून साधं प्रश्नचिन्ह ठेवून दिलं, तर मूळ आकडा गेला. चढता ‘ई’, उतरता ‘ए’, दोन टिंबांचा ‘यू’, सगळ्यांचं एकच प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह दिसायला सभ्य असतं, मजकुरात फार खुपत नाही, म्हणून ते सेव्ह होऊन जातं. मी त्या रात्री केलं ते नेमकं हेच, प्रश्नचिन्हाऐवजी ‘ए’ वापरून.

आता त्या पाच रिकाम्या जागा. १२९, १४१, १४३, १४४, १५७. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५. जुन्या तक्त्यात २२४ म्हणजे उतरत्या रेघेचा छोटा ‘ए’, १६४ म्हणजे चलनाची एक अनाम खूण, चार टोकांचा गोळा, आणि १६५ म्हणजे येन. ‘मराठी’ हा शब्द चुकीच्या तक्त्यातून वाचून पाहिला. दर वेळी पुढे येणारी ती दोन अक्षरं सोडली, तर ‘म’च्या वाट्याला आलं नोंदणीकृत व्यापारचिन्ह, ‘र’ झाला अंशाची खूण, काना झाला पाऊण, ‘ठ’ झाला एक मोकळी जागा, आणि दीर्घ वेलांटी झाली युरो. त्या वेलांटीत येन आणि युरो शेजारी-शेजारी आहेत हे मला फार आवडलं.

पण ‘ठ’ची ती मोकळी जागा बघा. तो १६० आहे, न तुटणारी मोकळी जागा. कुणी टापटिपीच्या नादात जादा मोकळ्या जागा साफ केल्या की ‘ठ’ गेला. फ्रेंच पानावर जो ‘ए’ मला एकटा दिसला होता, त्याच्यामागेही हाच अदृश्य १६० होता. आणि आपला पाय मोडायचा हलन्त? तो आहे २२४, १६५, १४१. म्हणजे शेवटचा बाइट नेमका रिकाम्या जागेत. ऱ्हस्व उकार १२९वर. देवनागरी ए १४३, ऐ १४४, झ १५७. काही प्रोग्रॅम या रिकाम्या जागेतले आकडे तसेच हळूच पुढे नेतात, काही तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात. दुसऱ्या प्रकारचा प्रोग्रॅम वाटेत आला, तर मजकूर उलटा फिरवल्यावर सगळं परत येतं, फक्त जोडाक्षरं, ऱ्हस्व उकार आणि ए, ऐ, झ अशी अक्षरं येत नाहीत. रोमनमध्ये चढत्या रेघेचे मोठे ‘ए’ आणि मोठे ‘आय’ याच १२९ आणि १४१च्या खड्ड्यात पडतात. एखाद्या स्पॅनिश नावातली सगळी छोटी अक्षरं परत येतात आणि पहिलंच मोठं अक्षर बेपत्ता असतं, त्याचं कारण हे.

या सगळ्या खटाटोपात कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, एवढं कशाला, ती चिन्हं काढूनच टाका की. वाचणाऱ्याला कळतं.” मला हे ऐकलं की स्पॅनिशमधला वर्षाचा शब्द आठवतो, आन्यो. स्पॅनिशमध्ये मी चाळीस वर्षांची आहे असं म्हणत नाहीत, मला चाळीस वर्षं आहेत असं म्हणतात. त्यातली ‘एन’वरची लाट काढली की शब्द होतो आनो, आणि त्याचा अर्थ गुदद्वार. मग वाक्य काय झालं ते तुम्हीच जुळवा. फ्रेंचमध्ये मासेमारी करणं आणि पाप करणं यांत ‘ई’वर टोपी आहे की चढती रेघ, एवढाच फरक आहे. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांच्या वेलांट्या काढून टाकू का? वाचणाऱ्याला कळेल की. ती ‘एन’वरची लाट म्हणजे तरी काय, हातानं पोथ्या उतरवणाऱ्यांनी जागा वाचवायला एका ‘एन’वर दुसरा छोटा ‘एन’ चढवला, त्याची झिजून झालेली रेघ. अनुनासिक उच्चार अक्षराच्या डोक्यावर ठेवायची युक्ती. आपल्या अनुस्वाराची दूरची बहीणच ती. जर्मनची दोन टिंबंही तशीच, स्वरावर लिहिलेल्या छोट्या ‘ई’ची उरलेली खूण.

दुरुस्तीच्या त्या आठवड्यात मी एकेका जुन्या भानगडीचा हिशेब लावत गेले. काही पानांच्या अगदी सुरुवातीला तीन विचित्र खुणा दिसायच्या: दोन टिंबांचा ‘आय’, उजवीकडे टोक असलेलं दुहेरी कोनी अवतरण आणि उलटं प्रश्नचिन्ह. ती २३९, १८७, १९१ ही यूटीएफ-८ची ओळखखूण, बॉम. विंडोजचं नोटपॅड २०१९पर्यंत यूटीएफ-८ फायलीच्या डोक्यावर ती गुपचूप चिकटवायचं. पानांवरून मी ती काढत बसले, आणि त्याच दुपारी एक्सेलसाठी नावांची सीएसव्ही फाइल दिली, तर बॉम नाही म्हणून एक्सेलनं सगळी नावं फोडली. तिथे ती घालावी लागते. इथे काढा, तिथे घाला. यावर मी काही बोलणार नाही.

ब्राउझर कुणाचं ऐकतो हेही तेव्हा नीट कळलं. पानात मेटा चारसेट, म्हणजे पान कोणत्या तक्त्यानं वाचायचं हे सांगणारी ओळ, लिहिली म्हणजे झालं असं मी समजत होते. पण सर्व्हर पानाआधी जो मथळा पाठवतो त्यात काही वेगळं लिहिलं असेल, तर ब्राउझर सर्व्हरचं खरं मानतो. आणि फायलीच्या डोक्यावर बॉम असेल, तर दोघांनाही बाजूला सारून बॉमचं. शिवाय ती मेटाची ओळ पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवी. एका साच्यात मी वरती भलीमोठी टीप लिहून ठेवली होती, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. तिच्यामुळे मेटा खाली ढकललं गेलं होतं. कुणीच काही सांगितलं नाही तर प्रोग्रॅम अंदाज बांधतात, आणि अंदाजाची मजा जुन्या नोटपॅडनं दाखवलेली आहे. ‘बुश हिड द फॅक्ट्स’ एवढं एकच वाक्य लिहून फाइल सेव्ह केली आणि परत उघडली की विंडोज एक्सपीतलं नोटपॅड चिनी लिपी दाखवायचं. लोकांनी त्यात कटकारस्थानं शोधली. नोटपॅडचा अंदाज चुकला होता, इतकंच.

सर्वांत चिवट निघाली ती दिसायला अगदी बरोबर असणारी अक्षरं. चढत्या रेघेचा ‘ई’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘ई’ आणि त्यावर सुटी रेघ असा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण शोधात एक सापडतो, दुसरा नाही. मॅकच्या जुन्या फाइल व्यवस्थेत फायलींची नावं सुट्या रूपात साठायची, त्यामुळे त्या संगणकावरून चढवलेल्या एका चित्राचा दुवा तंतोतंत बरोबर दिसूनही उघडत नव्हता. हे पटत नसेल, तर माझ्याच वरच्या वाक्यातला शब्द बघा, ‘तऱ्हा’. त्यातला अर्धा र एकतर ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून येतो, नाहीतर साध्या र्-पुढे एक न दिसणारं सांधणारं अक्षर टाकून. आपल्याकडचा काही मराठी मजकूर एका पद्धतीचा, काही दुसऱ्या. म्हणूनच कधीकधी समोर ‘कुऱ्हाड’ दिसत असते आणि शोधल्यावर सापडत नाही.

बॅकअपमुळे बरीचशी पानं परत आली. पण साइट हलवल्यानंतर आणि माझ्या त्या रात्रीच्या आधी काही पानं नव्यानं लिहिली गेली होती, ती बॅकअपमध्ये नव्हती. त्यांतल्या प्रत्येक ‘ए’पाशी थांबून ठरवावं लागलं, हा मुळात कोण होता. शब्द असले तर शब्दकोश होता. पुस्तकांची, गावांची नावं ग्रंथालयांच्या सूचींत मिळाली. माणसांच्या नावांना कोश नसतो.

त्या दिवसांत मला एक फोटो फार आठवायचा. फ्रान्समधून रशियाला पाठवलेलं एक पार्सल. पाठवणाऱ्याला पत्ता मेलवर मिळाला होता, रशियन तक्त्यातला मजकूर पश्चिम युरोपच्या तक्त्यातून वाचला गेला होता, आणि त्या माणसानं ती टोप्या-टिंबांची सगळी अक्षरं जशी दिसली तशी, निगुतीनं, पेननं पार्सलवर उतरवली होती. रशियातल्या टपालवाल्यांनी एकेक अक्षर उलटं फिरवून बाजूला खरा पत्ता लिहिला आणि पार्सल पोचतं केलं. पाठवणाऱ्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण त्यानं एकही सुधारलं नाही, म्हणून ते वाचता आलं.

शेवटी एक नाव उरलं. एका कवयित्रीचं, आमच्याकडे एकदाच लिहिलेलं. आडनावात माझा तो ‘ए’ होता आणि शेजारची अक्षरं बघता तिथे चार-पाच वेगवेगळी अक्षरं शोभली असती. मी त्यांनाच मेल लिहिला, झालं ते सगळं कबूल केलं आणि विचारलं, तुमच्या आडनावात नेमकं कोणतं चिन्ह आहे? दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर आलं. ते अक्षर, त्याचा उच्चार, घरात ते कसं म्हणतात, सगळं प्रेमानं लिहिलं होतं. जिथे जिथे ते अक्षर होतं, तिथे तिथे मेलमध्ये प्रश्नचिन्ह होतं.

मी पुन्हा लिहिलं: कृपा करून कागदावर हातानं लिहा आणि फोटो पाठवा. त्यांनी रेघांच्या वहीचं पान पाठवलं, निळ्या शाईतलं. ‘ई’, आणि त्यावर दोन टिंबं, एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं. मी पान उघडलं, ते अक्षर घातलं, सेव्ह केलं, आणि मग आकड्यांच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बघितलं. १९५, १७१.